माशीच्या वतीनं शिंकणारा इसहाक

भिंगारच्या छावणीत लढाईच्या दिवसांत इसहाक पाटोळे नावाचा एक माणूस होता आणि तो शिंकायचा. आता शिंकत कोण नाही, असं तुम्ही म्हणाल. पण तुमची-माझी शिंक ती कसली शिंक! इसहाकची शिंक पायाच्या अंगठ्यापासून निघायची. आधी तो हातातलं काम खाली ठेवायचा, मान वर करायचा, डोळे मिटायचा, शेजारी कुणी असेल तर त्याला हातानं बाजूला सारायचा, आणि मग जे सुरू व्हायचं ते सात, नऊ, कधी अकरा. हा आकडा मी पदरचा सांगत नाही, तो स्वतःच मोजायचा. सम आकडा आजवर कधी आला नाही, हेही तो वर ऐकवायचा, जणू त्यात त्याचीच काही कर्तबगारी होती.

त्याची नोकरी छावणीच्या मैलापाण्याच्या हौदावर. बराकींचं, इस्पितळाचं, पलटणीच्या भटारखान्यांचं सगळं घाण पाणी गटारानं गावाबाहेर यायचं आणि एका मोठ्या गोल हौदात पडायचं. हौद म्हणजे पाण्याचा नव्हे बरं का, गोट्यांचा. काठोकाठ दगडगोटे भरलेले. वर चार लोखंडी हात, त्यांना भोकंच भोकं. पाण्याच्या जोरावर ते हात गरगर फिरायचे आणि गोट्यांवर पाणी शिंपडायचे. गोट्यांवर बुळबुळीत शेवाळ धरायचं, ते शेवाळ घाण खायचं, आणि तळाच्या झडपेतून निवळलेलं पाणी गवताच्या कुरणाला जायचं. हातांची भोकं तारेनं मोकळी करायची, गोटे चाळायचे, झडप सांभाळायची, हे इसहाकचं काम. हौद बांधला त्या दिवसापासून, म्हणजे अकरा वर्षं, तो तिथंच होता. रस्त्यानं जाणारी माणसं नाकाला पदर लावून जायची आणि इसहाकला त्याचा राग यायचा. धड हौदाला वास नसतो, ओल्या मातीचा वास असतो, वास सुटला तर समजावं हौद आजारी आहे, असं तो ज्याला त्याला थांबवून सांगायचा. ऐकून घ्यायला कोण थांबणार!

हौदावर माश्या होत्या. घरातल्या माशीसारख्या नव्हे. तिळाएवढ्या, करड्या, पंखांवर लव असलेल्या. चिमटीत धरली की माशी दिसेनाशी व्हायची आणि बोटाला राख लागायची, म्हणून हौदावरची माणसं तिला राखेची माशी म्हणायची. ती चावत नाही, डसत नाही, नुसती भिंतीवर बसून राहते. छगन नावाचा इसहाकचा जोडीदार होता, तो या माश्यांच्या ढगात उभा राहून भाकरी खायचा आणि वर ढेकर द्यायचा. इसहाकला मात्र तो ढग नुसता अंगावरून गेला की झालीच सुरुवात.

शिंकांचा त्रास त्याच्यापेक्षा शेजाऱ्यांनाच जास्त. कामगारांच्या चाळीत, जिला सगळे लाईन म्हणत, त्याची खोली अगदी तोंडाशी होती. अंगावरच्या कपड्यांतून हौद घरी यायचाच. सकाळी कुणी मुलगी बघायला निघालं, कुणी बैल विकत घ्यायला निघालं, की आतून सात शिंका. निघालेली मंडळी परत फिरायची, पाणी पिऊन पुन्हा निघायची, की पुन्हा नऊ. एकदा तर लाईनीतली चार माणसं हात जोडून दारात आली आणि उद्या सोयरीक ठरवायला जायचंय, तेवढं पहाटेच कामावर जा म्हणून विनवून गेली. इसहाकनं त्यांना शांतपणे समजावलं की हे ख्रिस्ती शिंकणं आहे, याचा अपशकुन हिंदूंना लागू होत नाही. त्यांना ते पटलं नाही.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पुढं लढाई पेटली. छावणीत पलटणींवर पलटणी येऊन पडल्या, रणगाड्यांच्या धुळीनं भिंगारचा बाजार पिवळा झाला, आणि हौदावर दुप्पट घाण पाणी यायला लागलं. दुप्पट पाणी, दुप्पट शेवाळ, आणि माश्या तर विचारूच नका. त्रेचाळीस सालच्या थंडीत इसहाकच्या शिंकांच्या मागोमाग छातीत शिट्टी वाजायला लागली. चार पावलं चालला की दम. बोलताना मध्येच थांबायचा. खोकला असा की छगनसुद्धा भाकरी घेऊन लांब जाऊन बसायला लागला.

आणि तेव्हाच छावणीच्या आरोग्य खात्यात नवे गोरे डॉक्टरसाहेब आले. त्यांनी हुकूम काढला: प्रत्येक कामगाराची छाती तपासायची, ज्याला छातीचा रोग असेल त्याचं नाव पटावरून कमी करायचं आणि लाईनीतली खोली रिकामी करून घ्यायची. हौदावरचा जमादार रंगनाथ, म्हणजे यांचा मुकादमच म्हणा, हुकमाचा फार पक्का. त्यानं यादीत पहिलंच नाव घातलं: इसहाक पाटोळे, छाती वाजते.

क्षय हा शब्द कुणी तोंडानं काढला नाही. काढायची गरजच नव्हती. नळावर बायका इसहाकच्या बायकोला, दयाला, आधी घागर भरू द्यायला लागल्या आणि मग नळ घासून घ्यायला लागल्या. देवळात, म्हणजे ख्रिस्ती मंडळींच्या चर्चमध्ये, पाळकसाहेबांनी त्याला बाजूला घेऊन फार गोड शब्दांत सुचवलं की प्रभुभोजनाच्या वेळी त्यानं सगळ्यांच्या शेवटी बसावं, म्हणजे सगळ्यांनी मिळून प्यायचा प्याला शेवटी त्याच्याकडं येईल. इसहाक हो म्हणाला आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसला. नोकरी गेली तर खोली जाणार, खोली गेली तर राहुरीकडच्या गावी भावाच्या ओट्यावर जाऊन पडायचं, आणि तेही क्षयाचा शिक्का घेऊन. कोण ठेवून घेणार? माणूस भित्रा नव्हता, पण या विचारानं त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

मला क्षय नाही, मला माशी बाधते, हे तो घसा फोडून सांगत होता. रंगनाथ हसला. त्याचं म्हणणं, माशी बाधत असती तर छगनला आधी बाधली असती, तो तर तिला भाकरीबरोबर खातो. 

याचं उत्तर सापडलं ते दयाला. एका रविवारी थंडी कडक होती. इसहाकचा देवळात जायचा कोट तिनं ठिगळ लावायला काढला होता, म्हणून त्याला कामावरचा जुना खाकी कोट घालून पाठवलं. पाळकसाहेब प्रार्थनेत हळू आवाजात आजाऱ्यांची नावं घेत होते, आणि पाटोळ्यांचं नाव आलं त्याच क्षणी इसहाकनं मान वर केली. अकरा. बाकावरची लहान पोरं हसली, पाळकसाहेब डोळे मिटून थांबले, सगळं शांत झालं असं वाटून त्यांनी आमेन म्हटलं, आणि पुन्हा सात. दया बायकांच्या बाजूनं हे बघत होती. दर रविवारी हा माणूस देवळात नीट बसतो, मग आजच काय झालं? घरी येऊन तिनं तो कोट उन्हात धरून उलटा केला. अस्तराच्या शिवणींतून, खिशांच्या कोपऱ्यांतून करडी राख भुरुभुरु खाली पडली. मेलेल्या माश्यांचा भुगा, दुसरं काही नाही. तिनं तो भुगा कागदावर गोळा केला, नवऱ्याच्या नाकाखाली धरला आणि पाच शिंका मोजून घेतल्या.

"तुमी म्हनत हुता ते खरं हाय," ती म्हणाली. "मेलेली माशीबी तुमाला सोडत न्हाई. आता सायबाला कागद द्या."

कागद म्हणजे अर्ज, आणि अर्ज म्हणजे राधाकृष्णपंत. आरोग्य खात्यात ते कारकून. डॉक्टरसाहेबांना मराठी येत नव्हती आणि कामगारांना इंग्रजी, त्यामुळं दोघांच्या मध्ये पंत बसलेले असायचे आणि आपण बसलो आहोत याची त्यांना पूर्ण जाणीव होती. इसहाकनं त्यांना सांगितलं, भाऊसाहेब, एवढंच लिहा, की हौदावर माशी शिंकवते, त्यानं काम अडतं. पंतांनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं. आता काम अडलं की आपण मराठी माणसं काय म्हणतो? कुठं तरी माशी शिंकली म्हणतो. पंतांना वाटलं, या गड्याला म्हणायचंय तेच, पण बिचाऱ्याला धड बोलता येत नाही. शुद्ध भाषेची सवय असलेला माणूस, त्यांनी त्याचं बोलणं दुरुस्त करून साहेबांना इंग्रजीत कळवलं की हौदाच्या यंत्रात काही बिघाड असल्यामुळं काम अडत आहे.

तिसऱ्या दिवशी फौजी कारखान्यातून दोन मिस्त्री आले. त्यांनी हौदाचे चारही हात उतरवले, रॉकेलनं धुतले, सांध्यांत वंगण भरलं, पुन्हा बसवले. हात असे सुटले की काय सांगू. काठावर उभ्या असलेल्या रंगनाथ जमादाराला कळायच्या आत छावणीतल्या समस्त पलटणींचं पाणी त्याच्या फेट्यावरून गेलं. इसहाक पुन्हा पंतांकडं गेला. या वेळी तो जरा तापला होता. भाऊसाहेब, मी बोललो तसंच लिहा, शब्दाला शब्द, आपल्या मनचं काही घालू नका, असं त्यानं सांगितलं. एका हौदावरच्या माणसानं आपली भाषा काढावी! पंत संतापले. शब्दाला शब्द पाहिजे काय? घे म्हणाले. आणि त्यांनी साहेबांना जो कागद पाठवला त्याचा अर्थ एवढाच होता: हौदावर माशी शिंकते, म्हणून इसहाक पाटोळ्याला दम लागतो.

डॉक्टरसाहेबांनी तो कागद म्हणे तीनदा वाचला. कुणी दुसऱ्यानं तो फाडून टाकला असता, किंवा पंतांच्या डोक्याला बर्फ लावायला सांगितलं असतं. पण हा गोरा जरा वेगळा निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो भिंग घेऊन हौदावर हजर. सोबत पंत, त्यांचा चेहरा उतरलेला. साहेबांनी काठावर उकिडवं बसून भिंतीवरच्या माश्या भिंगातून बराच वेळ बघितल्या, मग मागं वळून काही विचारलं. पंतांनी भाषांतर केलं, की साहेब विचारतात, यातली कोणती शिंकते?

इसहाक आ वासून बघत राहिला. मग त्याला वाटलं, साहेबाचा मान राखून बोललेलं बरं.

"माशी न्हाई शिंकत सायेब," तो म्हणाला. "मी शिंकतो. माशीच्या वतीनं."

हे पंतांनी कसं सांगितलं कोण जाणे, पण साहेबांनी हसता हसता काठावर बसकणच मारली. हसून झाल्यावर मात्र त्यांनी विचारपूस सुरू केली आणि इसहाकनं दयाची पुडी पुढं केली. साहेबांनी त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. एका रुमालात विटेची पूड घेतली, दुसऱ्यात राखेच्या माशीचा भुगा, आणि आलटून पालटून त्याच्या नाकाशी धरत गेले. विटेला इसहाक गप्प. भुग्याला सात. विटेला गप्प. भुग्याला नऊ. छगनच्या नाकाशी धरला तर तो नुसता विचारत राहिला की हे काय आहे म्हणून. साहेबांनी इसहाकला आठ दिवस हौदाच्या वाऱ्यालाही उभं राहू नकोस, घरी बस, असं सांगितलं. नवव्या दिवशी इस्पितळात नळी लावून छाती ऐकली. शिट्टी नाही, खोकला नाही, वजनही थोडं वाढलेलं. क्षयबिय काही नाही, या माणसाला माशीच्या धुळीचं वावडं आहे, जसं कुणाला वांग्याचं असतं तसं, असं साहेबांनी पंतांकरवी सगळ्यांसमोर जाहीर केलं.

आता गोष्ट इथं संपायला हवी होती. तुम्हालाही तसंच वाटलं ना? इसहाकलाही वाटलं. तो पेढे घ्यायला बाजाराकडं निघालासुद्धा होता. पण साहेब पुढं बोलत होते आणि पंत खाली मान घालून सांगत होते, की ज्याला या माशीचं वावडं त्यानं या माशीत काम करणं म्हणजे रोज थोडं थोडं विष खाणं. पुढं मागं एखाद्या दिवशी श्वास अडकला तर परत यायचा नाही. तेव्हा इसहाक पाटोळेनं हौदावर पाय ठेवायचा नाही. दुसरीकडं कुठं देता येईल का? रंगनाथनं यादी वाचली. गटारं, संडास, कचऱ्याच्या गाड्या, मैल्याचे खड्डे. आरोग्य खात्यात माशी नाही अशी एकही जागा नव्हती. साहेबांनी कपाळावर हात घासला. त्यांनाही वाईट वाटलं, हे दिसत होतं. पण हुकूम तो हुकूम: नाव कमी, महिनाअखेर खोली रिकामी.

म्हणजे बघा, आधी क्षय आहे म्हणून जात होता, आता क्षय नाही म्हणून निघाला. इसहाकला हसावं की रडावं कळेना. दयानं मात्र भांडी पोत्यात भरायला घेतली. तिच्या हाताला काम नसलं की तिला रडू यायचं, हे तो जाणून होता, म्हणून त्यानं तिला थांबवलं नाही.

महिनाअखेरीला तो झडपेची किल्ली परत करायला कचेरीत गेला. रंगनाथ तिथंच होता, पंतही. साहेब निरोपाचे दोन शब्द बोलले आणि जाता जाता, अगदी सहज, किड्यांचा नाद असलेला माणूस म्हणून त्यांनी एक विचारलं. पंतांनी सांगितलं, की साहेब म्हणतात, तू अकरा वर्षं या माश्या बघतोस, त्या कधी कमी होतात का रे?

इसहाकनं रंगनाथकडं बघितलं. मग किल्लीकडं. मग त्याच्या मनात आलं, आता नोकरी गेलीच आहे, आता कुणाची भीती धरायची?

त्यानं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी, नाताळच्या आदल्या दिवशी, त्यानं तळाचा पाट साफ करायला झडप बंद केली. देवळात गाण्याची तालीम होती, उशीर झाला होता, तो तसाच पळाला. झडप उघडायची राहिली. हौद रात्रभर भरत गेला, पाणी गोट्यांच्या वर आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, उपासना झाल्यावर, त्याला आठवण झाली तेव्हा तो नव्या कपड्यांनिशी धावत आला आणि झडप उघडली. पाण्याबरोबर शेवाळाचे लगदेच्या लगदे वाहून गेले, आणि त्यात बारीक अळ्या, मूठभर नव्हे, घमेलीच्या घमेली. हौद बंद पडला तर नाव कमी करीन असा जमादारांचा कायमचा दम होता, म्हणून तो कुणाला काही बोलला नाही. पण त्यानंतर पंधरा दिवस हौदावर औषधाला माशी नव्हती, आणि पंधरा दिवस त्याला एकही शिंक आली नाही. आधी त्याला वाटलं ही नाताळची कृपा. मग लक्षात आलं, माशी गोट्यांत वाढते, तिला बुडवली की संपली. दर पंधरवड्याला एक दिवस झडप बंद करून हौद बुडवावा, हौदाला काही होत नाही, त्यानं स्वतः बघितलंय.

रंगनाथचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पंतांनी हे सगळं साहेबांना सांगितलं आणि पहिल्यांदाच त्यातलं काही दुरुस्त केलं नाही.  मग साहेबांनी एकच विचारलं, की हे तुला दोन वर्षं ठाऊक होतं, मग कुणाला सांगितलं का नाहीस?

"कुनी इचारलंच न्हाई, सायेब," इसहाक म्हणाला. "समदे माजी छाती इचारीत हुते. हौदाचं कुनी इचारलं न्हाई."

साहेबांनी पंतांना खुर्ची आणायला सांगितली. पंतांना वाटलं साहेबांनाच हवी असेल, त्यांनी ती टेबलामागं नेली. साहेबांनी ती उचलून इसहाकपुढं ठेवली. त्या कचेरीत हौदावरचा माणूस खुर्चीवर बसल्याचं कुणी बघितलं नव्हतं. इसहाकही बसेना. साहेब थांबले. शेवटी तो खुर्चीच्या अगदी कडेला टेकला आणि दुपारपर्यंत त्यानं हौद सांगितला. कोणत्या ऋतूत शेवाळ किती चढतं, कोणतं भोक आधी बुजतं, भिंतीची कोणती बाजू माशीला आवडते, सगळं. साहेब लिहून घेत होते आणि पंत घाम पुसत शब्दाला शब्द सांगत होते.

माशीच संपणार असेल तर मनाई कशाला, म्हणून साहेबांनी आधीचा हुकूम तिथंच फिरवला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हुकमानं झडप बंद झाली, आणि ती बंद केली इसहाकनंच, तोंडाला ओला पंचा बांधून. तीन वेळा हौद बुडवल्यावर भिंत स्वच्छ दिसायला लागली. हौद बुडवण्याचं काम कायमचं इसहाककडं आलं, म्हणून पटावर नाव राहिलं, आणि नाव राहिलं म्हणून खोली.

खुर्चीवरून उठून हुकूम फिरल्याचं सांगायला तो त्या दुपारी घरी गेला, तेव्हा दया पोतं शिवत होती. तिनं सुई थांबवली आणि विचारलं, असं काय बोललात सायबाला, पाया पडलात का?

"न्हाई," इसहाक म्हणाला. "त्यानं इचारलं, मी सांगितलं."

एवढंच का, असं तिनं पुन्हा विचारलं. एवढंच, तो म्हणाला, आणि पोत्याची शिवण उसवायला तिच्या शेजारी बसला. दोन टाके उसवून झाल्यावर, अकरा वर्षांत पहिल्यांदाच कुणी विचारलं, असं काहीसं सांगायला गेला, आणि ते अर्ध्यावरच सोडून पुढचा टाका उसवायला लागला.